पगार थांबतो तेव्हा
(चाळिशीनंतरचा हिशेब : लेखांक ७)

केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण झालं आणि डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड हे नाव सर्वतोमुखी झालं. त्याच पथकात त्यांचे धाकटे भाऊ डॉ. मारियस बर्नार्डही होते. त्यांना आपल्याकडे फारसं कुणी ओळखत नाही. मात्र आज अनेकांच्या कपाटातल्या फायलीत असलेला एक कागद त्यांच्यामुळे जन्माला आला.

मारियस यांच्याकडे फुप्फुसाचा कर्करोग झालेली एक तरुण बाई आली होती. घटस्फोटित, पदरात दोन मुलं. शस्त्रक्रिया नीट पार पडली. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा पार खंगलेली होती. तिला विश्रांतीची गरज होती, पण कामावर गेली नसती तर मुलांच्या तोंडी घास कुठून पडला असता? डॉक्टरांनी गाठ काढली होती, घरभाड्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. ही सल घेऊन ते विमा कंपन्यांकडे गेले. ६ ऑक्टोबर १९८३ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्रुसेडर लाइफ या कंपनीने क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजाराच्या विम्याची पहिली पॉलिसी आणली. हृदयविकाराचा झटका, कर्करोग, पक्षाघात आणि बायपास असे चारच आजार त्यात होते. निदान झालं की ठरलेली रक्कम एकरकमी हातात पडायची.

मागच्या लेखात पाहिलेला मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल भागवतो. क्रिटिकल इलनेसची रक्कम मात्र बिलाशी बांधलेली नसते. तिच्यातून घराचा हप्ता भरा, मुलीची फी भरा, नाहीतर परळला टाटा रुग्णालयाजवळ चार महिने खोली घेऊन राहा. कंपनी पावती मागत नाही. म्हणूनच या विम्याचा आढावा घेताना पहिला प्रश्न घरखर्चाचा असतो.

डोंबिवलीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण धरू. तिशीत असताना, लग्नानंतर लगेच, एजंटच्या आग्रहावरून ५ लाखांचं कव्हर घेतलं. तेव्हा घर भाड्याचं होतं, मूल नव्हतं, आईवडील धडधाकट होते. आता वय ४५. गृहकर्जाचा हप्ता दरमहा ३८ हजार, मुलगी बारावीत, वडिलांची औषधं सुरू. कव्हर मात्र अजून ५ लाखच. वर्षाला ७ टक्के महागाई धरली तर पंधरा वर्षांपूर्वीच्या मानाने त्या ५ लाखांत आज जेमतेम १ लाख ८० हजारांचा माल येतो. दुसऱ्या बाजूने मोजायचं तर ही सगळी रक्कम तेरा महिन्यांच्या हप्त्यातच संपते. किराणा, वीजबिल, फी अजून धरलेलीच नाही. किमान दोन-तीन वर्षांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते निघतील एवढं कव्हर असावं, हा साधा अंदाज इथे उपयोगी पडतो.

रकमेचा हिशेब बहुतेक जण करतात. व्याख्यांचं पान मात्र क्वचितच कुणी उघडतं, आणि दावा अडतो तो तिथेच. पॉलिसीच्या मागच्या भागातला तो बारीक टाइपातला मजकूर भिंग घेऊन वाचायची वेळ आली तरी वाचावा. विमा नियामक आयआरडीएआयने प्रमुख आजारांच्या व्याख्या सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या आहेत. त्यांत ‘ठरावीक तीव्रतेचा कर्करोग’ असे शब्द आहेत. म्हणजे पेशी जिथल्या तिथेच आहेत, आजूबाजूला शिरकाव केलेला नाही, असा अगदी प्राथमिक कर्करोग त्या व्याख्येत बसत नाही. पक्षाघातात मज्जासंस्थेचं कायमचं नुकसान किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. बायपासच्या कलमात अँजिओप्लास्टी स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. आपल्याकडे ‘हार्टचं ऑपरेशन झालं’ म्हणताना स्टेंटही धरतात, त्यामुळे इथे अनेकांची मोठी निराशा होते. काही पॉलिसींमध्ये अँजिओप्लास्टीला किंवा प्राथमिक कर्करोगाला रकमेचा काही भाग मिळतो. आपल्या पॉलिसीत ती सोय आहे का, हे आजच पाहून ठेवायला हवं.

त्याच पानांत ‘सर्व्हायव्हल पीरियड’ही सापडेल. निदानानंतर रुग्ण इतके दिवस हयात असला तरच रक्कम मिळते. बऱ्याच ठिकाणी ही अट ३० दिवसांची असते, काही ठिकाणी त्याहून कमी. पहिल्या झटक्यातच माणूस गेला तर या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्या वेळी कुटुंबाला आधार टर्म इन्शुरन्सचा.

हे कव्हर टर्म पॉलिसीला रायडर म्हणून जोडलेलं असेल तर आणखी एक शब्द शोधावा : ‘अॅक्सिलरेटेड’. याचा अर्थ, आजारपणात दिलेली रक्कम मूळ विम्यातून वजा होणार. एक कोटीच्या टर्ममधून २५ लाख मिळाले, की घरच्यांसाठी ७५ लाख उरतात. शिवाय रायडर कोणत्या वयाला संपतो तेही पाहावं. साठीला संपणारा रायडर, धोका वाढू लागतो नेमक्या त्याच वयात साथ सोडतो.

कव्हर वाढवायचं ठरलं तर जुनी पॉलिसी आधी बंद करू नये. नव्या पॉलिसीत साधारण पहिले ९० दिवस दावा करता येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. चाळिशीत लागलेली शुगर किंवा बीपीची गोळी अर्जात लिहावीच. हप्ता थोडा वाढेल, एखादी तपासणी जास्त होईल, पण लपवलेली गोळी दाव्याच्या वेळी रुग्णालयाच्या केसपेपरवर हमखास सापडते. हप्त्याबाबत एक दिलासा आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. पूर्वी महाग वाटून बाजूला ठेवलेलं कोटेशन पुन्हा मागवून पाहायला हरकत नाही.

(पुढच्या आठवड्यात : दावा नाकारल्याचं पत्र आलं तर विमा लोकपालांकडे कसं जायचं?)