खोटं पकडायचं कुठे?

संशयित उत्तर देऊन थांबतो. आवंढा गिळतो, क्षणभर नजर दुसरीकडे वळवतो, मग पुन्हा समोर बघतो. आता पाळी खेळणाऱ्याची. हाताशी पर्याय तीनच: तो खरं बोलतोय, त्याच्यावर शंका आहे, किंवा तो सरळसरळ खोटं बोलतोय. खोटं म्हणायचं असेल तर वहीत टिपलेला पुरावा पुढे करावा लागतो. मे २०११ मध्ये आलेल्या ‘एल. ए. न्वार’ या व्हिडिओ गेममधला हा प्रसंग. काळ १९४७चा, शहर लॉस एंजेलिस. ओकिनावाच्या लढाईतून परतलेला कोल फेल्प्स नावाचा तरुण पोलिस अधिकारी आणि त्याच्यासमोर एकामागोमाग एक येणारे साक्षीदार, नातेवाईक, गुन्हेगार.

पाठलाग आणि गोळीबारावर पोसलेल्या या माध्यमात एखाद्या बड्या कंपनीने असा गेम काढावा, ज्याच्या केंद्रस्थानी दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून फक्त बोलतात, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. आणि तोच गेम खेळताना जेवढी चिडचिड होते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने होते. माझ्या मते या दोन्हींचं मूळ एकच आहे. चौकशीतली सगळी रंगत शंकेत असते, आणि बहुतेक गेम्सना शंका फार वेळ जिवंत ठेवणं जमत नाही.

सिडनीच्या ‘टीम बोंडी’ने हा गेम घडवला आणि ‘रॉकस्टार’ने तो प्रकाशित केला. त्यासाठी ‘मोशनस्कॅन’ नावाची पद्धत वापरली गेली. अभिनेत्याला लख्ख उजेडाच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं आणि भोवतीच्या ३२ कॅमेऱ्यांनी त्याचं फक्त डोकं टिपायचं. अंगाच्या हालचाली वेगळ्या टिपल्या जात, त्यामुळे कधी कधी मान आणि धड यांचं जमत नाही, हे खरं. पण चेहरे! ओठांच्या कडेला आलेली बारीक मुरड, कपाळावरची आठी, बोलता बोलता ओले झालेले डोळे. ‘मॅड मेन’ या मालिकेतला ॲरन स्टेटन यात फेल्प्स झाला, आणि त्याला पाहिलेला माणूस पडद्यावर त्याला लगेच ओळखतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवात हा गेम दाखवला गेला. त्या महोत्सवात व्हिडिओ गेमला मिळालेला तो पहिलाच मान.

मग बिनसतं कुठे? पहिली गोष्ट, बटण दाबणारे आपण असतो, पण वाक्य फेल्प्सचं असतं. एखादी बाई काहीतरी हातचं राखून बोलतेय असं वाटलं म्हणून आपण ‘शंका’ निवडतो. मनात असतं, हळूच विचारावं, ‘ताई, अजून काही आठवतंय का?’ आणि फेल्प्स एकदम उसळून तिच्या अंगावर ओरडतो, तुरुंगाची धमकी देतो. आपण दचकतो, ती दचकते. याचं कारण निर्मितीच्या इतिहासात सापडतं. सुरुवातीच्या आराखड्यात हे पर्याय बोलण्याच्या पद्धतीचे होते: गोडीने विचारा, दमात घ्या, आरोप करा. संवाद त्या हिशेबाने ध्वनिमुद्रित झाले आणि बटणांची नावं पुढे बदलली. म्हणजे खेळणाऱ्याला विचारलं जातं तुमचं मत काय, आणि गेम ऐकतो तुम्ही कसे वागणार. २०१७च्या सुधारित आवृत्तीत पर्यायांची नावं ‘चांगला पोलिस’, ‘वाईट पोलिस’ आणि ‘आरोप’ अशी झाली. हा बदल प्रामाणिक होता, कारण निदान आता ओरडा बसणार हे आधी कळतं. तरीही नेमकं कोणतं वाक्य तोंडून जाणार ते कळत नाहीच.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं, या गृहीतकावर हा सगळा डोलारा उभा आहे. माणूस खरंच किती ओळखतो? या विषयावरच्या ढीगभर प्रयोगांचा एकत्रित अभ्यास चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. घाबरलेला निरपराध माणूसही नजर चुकवतो, आवंढा गिळतो, आणि सराईत खोटारडा शांतपणे डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. गेम बनवणाऱ्यांपुढे यातून पेच उभा राहतो. खोटं खरोखरच्या आयुष्यातल्यासारखं झाकलं तर ते कुणालाच पकडता येणार नाही. पकडता यावं म्हणून उघड केलं तर अभिनेत्याला नजरेची ठरावीक भिरभिर करून दाखवावी लागते. ‘एल. ए. न्वार’ने दुसरी वाट धरली. काही तासांनी आपण माणूस वाचणं सोडून देतो आणि खुणा वाचू लागतो. नजर हलली की शंका, पुरावा असेल तर खोटं.

एक चलाख सोय मात्र या गेममध्ये आहे, तिचं कौतुक करायलाच हवं. ‘खोटं’ हा पर्याय निवडला की संशयित विचारतो, कशावरून? त्याच्या त्या प्रतिप्रश्नात बरेचदा कोणत्या पुराव्याने तो अडचणीत येईल याचा धागा असतो, आणि पुरावा हाती नसेल तर आरोप मागे घेता येतो. नुसता आरोप करून समोरच्याची प्रतिक्रिया बघायची आणि मग पाय मागे घ्यायचा. चौकशीची खरी चव मला इथे लागते, कारण इथे माहिती बोलण्यातून निघते.

पण पुढच्याच क्षणी पियानोचे दोन-चार स्वर वाजतात. उत्तर बरोबर असेल तर एक सुरावट, चुकलं तर दुसरी. इथेच माझा जीव तुटतो. एखाद्या माणसाबद्दल आपण मनाशी ठरवलं, आता त्या निर्णयाचं ओझं घेऊन पुढच्या प्रश्नाकडे जायचं, तर तेवढ्यात गेम निकाल सांगून मोकळा होतो. चुकलेलं वाजलं की पुष्कळ लोक मागची जतन केलेली जागा उघडून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. त्यांना दोष कसा द्यावा? खटल्याच्या शेवटी पाचपैकी तारे मिळतात, आणि तारे दिसले की माणूस ते गोळा करणारच.

आता याच गेममधला खुनाच्या गुन्ह्यांचा विभाग पाहा. (पुढच्या काही वाक्यांत त्याचं रहस्य उघड होतं, खेळायचं बाकी असलेल्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं.) जानेवारी १९४७ मध्ये एलिझाबेथ शॉर्ट या तरुणीचा खून झाला. ‘ब्लॅक डाहलिया’ म्हणून गाजलेलं ते प्रकरण आजतागायत सुटलेलं नाही. गेममध्ये त्याच धर्तीचे खून होत राहतात, आणि फेल्प्स दर वेळी कुणालातरी अटक करतो. एका प्रकरणात तर दोन संशयित आपल्यापुढे बसवले जातात: एक मेलेल्या बाईचा नवरा, दुसरा लहान मुलांना त्रास देणारा विकृत माणूस. वरिष्ठ अधिकारी दुसऱ्यालाच अडकवा म्हणून दबाव टाकतो. आपण पियानोच्या साक्षीने अचूक प्रश्न विचारतो, तारे मिळवतो. शेवटी कळतं की अटक केलेले सगळे त्या खुनांपुरते निर्दोष होते आणि खुनी वेगळाच होता. अनेकांना ही फसवणूक वाटली. इतकी मेहनत घेऊन निवड केली, तिला अर्थच नव्हता! मला हा त्या गेमचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. प्रत्येक साक्षीदाराचं खोटं बरोबर ओळखूनही निष्पापाला गजाआड पाठवता येतं, हे सांगायचं धैर्य त्यात आहे. फक्त तेच सांगणाऱ्या गेमने वाटेत प्रत्येक उत्तराला शाबासकीची सुरावट वाजवायला नको होती.

प्रत्यक्षातल्या पोलिस तपासानेही हा धडा महागात शिकून घेतला आहे. फेल्प्सच्या काळात अमेरिकेत संशयिताला गप्प राहण्याचा हक्क समजावून सांगण्याचं बंधन नव्हतं. ते घालणारा मिरांडा खटल्याचा निकाल १९६६चा. ब्रिटनमध्ये गिलफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोट प्रकरणांत पिळून काढलेल्या कबुलीजबाबांवर निर्दोष माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली, १९८९ आणि १९९१ मध्ये सुटली. त्यानंतर इंग्लंडमधल्या पोलिसांची प्रशिक्षणाची दिशा बदलली. कबुली काढणं हे उद्दिष्ट राहिलं नाही. समोरच्याला मोकळेपणी सगळी हकिगत सांगू द्यायची आणि मग ती बाकीच्या पुराव्याशी ताडून पाहायची, ही पद्धत आली. आपल्याकडे तर १८७२च्या पुरावा कायद्यापासून पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. महाराष्ट्रातल्या पोलिस ठाण्यात घडणारा असा गेम उद्या कुणी बनवला, तर ‘होय साहेब, मीच मारलं’ या वाक्यावर तो संपवता येणार नाही.

म्हणून मला जपानी ‘एस अटर्नी’ मालिकेकडे पुन्हा पुन्हा वळावंसं वाटतं. शू ताकुमी यांनी ‘कॅपकॉम’साठी केलेला तिचा पहिला गेम २००१चा. पात्रं सपाट रेखाटलेली, हावभाव अतिरंजित, चेहऱ्यावरून काही ओळखण्याचा प्रश्नच नाही. आपण बचाव पक्षाचे वकील. साक्षीदाराची जबानी एकेका वाक्याने पुढे येते, आणि कोणतं वाक्य कोणत्या पुराव्याशी भांडतं ते शोधायचं. पहिल्याच खटल्यात साक्षीदार म्हणतो, प्रेत दिसलं दुपारी एक वाजता. शवविच्छेदन अहवाल सांगतो, मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान. एक वाजले हे कसं कळलं? टीव्हीवर वेळ ऐकली. पण त्या वेळी वीज गेलेली होती. मग तो म्हणतो, घड्याळ होतं. तिथलं घड्याळ म्हणजे पुतळा. बघून ते घड्याळ आहे हे कळायला मार्गच नाही, जोवर ते हातात घेऊन कुणाच्या डोक्यात घातलेलं नसेल. प्रत्येक सारवासारवीतून नवं खोटं जन्माला येतं, आणि ते शेवटी त्याच्याच गळ्याशी येतं. इथे खोटं शब्दांत आहे, म्हणून ते पकडण्याचा आनंद पूर्णपणे आपला असतो.

या मालिकेचा जाच वेगळा आहे. विसंगती आपल्याला दिसलेली असते, पण लेखकाला ती तिसऱ्या वाक्यावर हवी असते आणि आपण ती चौथ्यावर दाखवतो. पुरावाही दोन वस्तूंपैकी त्याच्या मनातलाच हवा. चूक धरली जाते, दंड होतो, ठरावीक चुकांनंतर खटला हातचा जातो. तर्क बरोबर असूनही शिक्षा मिळाली की माणूस विचार सोडून चाचपडू लागतो.

सॅम बार्लो यांच्या ‘हर स्टोरी’ने (२०१५) हा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवला. चौकशी १९९४ मध्ये होऊन गेलेली आहे. पोलिसांचे प्रश्न ऐकू येत नाहीत. फक्त व्हिव्हा सायफर्ट या अभिनेत्रीची उत्तरं, २७१ तुकड्यांत चिरलेली. आपण शब्द टाकून शोध घ्यायचा. ज्या उत्तरांत तो शब्द आहे, त्यांतली पहिली पाचच दिसतात. म्हणून पुष्कळ उत्तरांत येणारा शब्द फारसा कामाचा नाही. एखादं नाव, गावातली जागा, सहज बोलून गेलेली वस्तू यांतून पुढची वाट उघडते. कान टवकारून ऐकणं हेच इथलं कौशल्य. बरोबर की चूक, हे गेम कधीच सांगत नाही. एकाच घरातली दोन माणसं तो खेळून संपवतात आणि त्या बाईबद्दल दोन वेगळी मतं घेऊन वाद घालतात.

आणि ‘डिस्को एलिझियम’. एस्टोनियातल्या लेखक-कलाकारांच्या गटातून निघालेला २०१९चा हा गेम. इथल्या डिटेक्टिव्हच्या डोक्यात २४ गुणांचे आवाज बोलतात. ‘नाट्य’ नावाचा गुण कानात सांगतो, हा खोटं बोलतोय. ‘सहानुभूती’ सांगते, ही आतून मोडली आहे. फासे उलटे पडले तरी गोष्ट थांबत नाही, नुसती वेगळ्या वळणाला लागते. क्लासिया या तरुणीच्या चौकशीत तर कमाल होते. डोक्यातले आवाज तिच्या बाजूने बोलू लागतात, आणि मग ‘निग्रह’ हा एकच गुण बजावतो की बाकीच्यांना तिने भुलवलं आहे. खोटं पकडणारं यंत्रच फितूर झालं! चौकशी करणाऱ्याची स्वतःची भूक, एकटेपणा आणि आकर्षण निकालात कसं मिसळतं, ते एवढं स्पष्ट मी दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये पाहिलेलं नाही. तिला अटक करायची की सोडायचं हे आपल्यावर असतं, आणि कोणतीही सुरावट वाजत नाही.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संशयितांचे प्रयोग सुरू झाले आहेत. हवा तो प्रश्न आपल्या शब्दांत टाइप करा, तो उत्तर देईल. फेल्प्सच्या ओरडण्याचा त्रास यात उरत नाही, आणि ते स्वातंत्र्य मलाही हवंच आहे. पण रहस्यकथेतल्या संशयिताचं प्रत्येक वाक्य कुणीतरी जाणूनबुजून लिहिलेलं असतं. खोट्यालाही कारण असतं. यंत्र ऐनवेळी रचून उत्तर देऊ लागलं, तर साक्षीदार खोटं बोलला की यंत्राने भलतंच काही रचलं, हे ताडून पाहायला आधार उरत नाही. ज्याला हा प्रकार जमवायचा आहे, त्याने आधी बसून खुनाची रात्र मिनिटामिनिटाने लिहून काढावी, कुणी काय पाहिलं आणि कोण काय का लपवतोय ते पक्कं करावं, आणि मगच त्या संशयिताला बोलतं करावं.