मॅडलिन डोंगर का चढते?

अधारतालला मावसभाऊ 'सेलेस्ट' खेळत होता, म्हणून त्या गेमबद्दल थोडं.

२०१८ चा हा गेम. त्याची नायिका मॅडलिन डोंगर चढते. वाटेत आरशातून तिचंच जांभळ्या केसांचं रूप बाहेर पडतं आणि पाठलाग करतं.

'तू नकोस' म्हणताच ते रूप तिला खाली लोटतं. तिने समजूत घालून त्याला जवळ केलं, की हवेत एकाऐवजी दोन झेपा घेता येतात! स्वतःला स्वीकारण्याचं बळ थेट बोटांना जाणवतं.

२०१९ मध्ये आलेल्या गेमच्या शेवटच्या भागात तिच्या टेबलावर ट्रान्स समुदायाचा झेंडा दिसतो.

२०२० मध्ये निर्माते मॅडी थॉर्सन यांनी लिहिलं, की मॅडलिन ट्रान्स आहे आणि आपणही. गेम बनवताना मात्र दोन्ही उमगलं नव्हतं.

तुम्हाला अशी पात्रं कुठे भेटली?