कॅमेरा स्वतःचा, पण फोटो कोणाचा?

डोंबिवलीच्या फ्रीलान्स फोटोग्राफरच्या रोजीरोटीचा हिशेब

फोटोग्राफी म्हटले की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक, नाक्यावरचा पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ. दुसरे, लग्नाच्या मांडवात लाइट धरणारा पोरगा बरोबर घेऊन फिरणारा फोटोग्राफर. या दोहोंच्या पलीकडे एक तिसरा धंदा आहे आणि त्याला ना दुकान आहे, ना गल्ला, ना पाटी. हा माणूस आज एखाद्या मासिकासाठी फोटो काढतो, उद्या एखाद्या कारखान्याच्या माहितीपत्रकासाठी, परवा भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याच्या कॅटलॉगसाठी. तो कोणाचा नोकर नाही. प्रत्येक कामाचा सौदा वेगळा, भाव वेगळा आणि पैसे येण्याची तारीख तर त्याहून वेगळी. यालाच फ्रीलान्स फोटोग्राफर म्हणतात.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज या लाइनीत येऊ पाहत आहेत. त्याहून अधिक वाचक असे आहेत की, जे स्वतः माल बनवतात किंवा विकतात आणि त्या मालाचे फोटो काढून घेतात. म्हणून आम्ही हा विषय दोन्ही बाजूंनी मांडत आहोत.

या धंद्याला डोंबिवली सोयीची का, हे नकाशा पाहिला की कळते. गावाला लागूनच एम.आय.डी.सी.ची औद्योगिक वसाहत. तेथे रसायने, रंग, कापडावरची प्रक्रिया, इंजिनिअरिंग असे नाना प्रकारचे कारखाने. शेजारी कल्याणची बाजारपेठ, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. आणि मुंबईतील जाहिरात कंपन्या, मासिके, वृत्तपत्रांची कार्यालये लोकलच्या टप्प्यात. मुंबईत जागा घेणे ज्याला परवडत नाही, तो येथे राहून दोन्हीकडची कामे करू शकतो. त्याचे भाडे मात्र वेगळ्या रूपाने वसूल होते. कॅमेऱ्याची बॅग, लाइटचे स्टँड, छत्र्या आणि ट्रायपॉड घेऊन सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला लोकल पकडणे म्हणजे काय, हे येथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून असे लोक एक तर पहाटेची गाडी धरतात, नाही तर मालडब्यात चढतात. रविवारी मेगाब्लॉक असेल तर आदल्या रात्रीच वेळापत्रक पाहून ठेवावे लागते. फोटोग्राफरला उशीर झाला, तर तेथे सगळेच खोळंबून बसलेले असतात.

कामाचे ढोबळमानाने दोन प्रकार. वृत्तपत्रे आणि मासिके यांचे काम, ज्याला या लाइनीत ‘एडिटोरियल’ म्हणतात. त्यात पैसे थोडे, पण फोटोखाली नाव येते. दुसरे ‘कमर्शियल’, म्हणजे जाहिरात, कॅटलॉग, माहितीपत्रक. त्यात नाव येत नाही, पैसे येतात. पहिल्या कामाने ओळख होते आणि दुसऱ्या कामाने घर चालते. दोन्ही हात चालते ठेवल्याशिवाय या धंद्यात टिकाव लागणे कठीण.

लग्नाच्या फोटोंपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भारतात औद्योगिक फोटोग्राफीचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते, ते मुंबईचे मित्तर बेदी (१९२६–१९८५) हेसुद्धा आधी लग्नसमारंभांचेच फोटो काढत. १९५९ च्या सुमारास पोलाद आणि तेल उद्योगाचे फोटो काढणाऱ्या एका परदेशी फोटोग्राफरशी त्यांची गाठ पडली आणि त्यांनी आपला मोर्चा कारखान्यांकडे वळवला. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनीही जाहिरात कंपनीत बरीच वर्षे नोकरी केल्यानंतरच स्वतंत्र काम सुरू केले होते.

कारखान्यात काम करणे म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे. गेटपास, हेल्मेट, सेफ्टी बूट हे तर झालेच. ज्या विभागात सॉल्व्हंटची वाफ असते, तेथे फ्लॅशची साधी ठिणगीदेखील घातक ठरू शकते. म्हणून तेथे आहे त्या उजेडात, ट्रायपॉड लावून, तेही सुरक्षा अधिकाऱ्याच्या परवानगीनेच काम करावे लागते. डोंबिवलीच्या वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. तेव्हा ही खबरदारी कागदावरची म्हणून सोडून देता येत नाही.

व्यापाऱ्याच्या मालाचे काम वेगळे कौशल्य मागते. कापडाचा खरा रंग फोटोत उतरणे हे त्यातले सर्वांत अवघड. ट्यूबलाइटखाली पांढरे कापड हिरवट दिसते, बल्बखाली पिवळे. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाहिलेला रंग आणि हातात पडलेला रंग यांत फरक निघाला की माल परत आलाच. म्हणून जाणता फोटोग्राफर सर्व दिवे एकाच जातीचे लावतो आणि पहिल्या फोटोत करड्या रंगाचे कार्ड ठेवून त्यावरून रंगाचे माप बसवतो. भांडी, दागिने, काचेच्या बाटल्या यांच्यावर चमक मारते. तेथे बटर पेपरमधून उजेड गाळून घेतात आणि बाजूला थर्माकोलचे तक्ते उभे करतात. सामान स्वस्तच असते, पण एका अंगठीसाठी तास जातो. आमच्या कारागीर बंधूंना हे सहज पटावे. आपल्या कामाला किती वेळ लागतो हे समोरच्याला दिसत नाही, ही तक्रार त्यांचीही आहेच.

भाव कसा ठरवावा?

येथेच बहुतेक नवे लोक फसतात. शेजारचा अमुक घेतो, मग आपण त्याहून पाचशे कमी घेऊ, असा त्यांचा हिशेब असतो. खरा हिशेब सामानापासून सुरू होतो. समजा कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश मिळून तीन लाखांचे सामान घेतले आणि ते पाच वर्षे चालले. म्हणजे वर्षाला साठ हजारांची झीज. वर्षात प्रत्यक्ष शूटिंगचे शंभर दिवस मिळाले, तर दिवसाला सहाशे रुपये निव्वळ सामानाचे झाले. त्यात अजून प्रवास नाही, मदतनीस नाही, संगणकापुढे बसून फोटो निवडण्या-सुधारण्याचा वेळ नाही आणि कमाई तर नाहीच. कॅमेऱ्याच्या शटरलाही आयुष्य असते. चांगल्या कॅमेऱ्याचे शटर साधारण दीड ते दोन लाख फोटोंसाठी बनवलेले असते. पूर्वी रीळ महाग होते, म्हणून प्रत्येक फोटो मोजून काढला जाई. आता फोटो फुकट निघतो असे वाटते आणि एका दिवसात दोन हजार वेळा बटण दाबले जाते. मग शटर किती दिवस टिकेल, हे ज्याचे त्याने मोजावे.

आता आमच्या शीर्षकातील प्रश्नाकडे येऊ. फोटो ज्याने काढला त्याचा, असे सर्वांना वाटते. १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र सरसकट तसे म्हणत नाही. फोटोग्राफरने स्वतःच्या मनाने काढलेला फोटो त्याचा, यात वाद नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणाऱ्या तरुणाईचा फोटो कोणी न सांगता काढला, तर त्याचा मालक तोच. वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्याचा नियम आणखी निराळा, तो येथे सोडून देऊ. पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल तर कलम १७ प्रमाणे, उलट करार नसल्यास, त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. ‘उलट करार नसल्यास’ हे तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत.

उदाहरण घेऊ. समजा, कल्याणच्या एका बेकरीवाल्याने ईदच्या हँडबिलासाठी दहा फोटो काढून घेतले आणि कागदावर काहीच लिहिले नाही. पुढे तेच फोटो त्याने खोक्यांवर छापले, होर्डिंगवर लावले, तरी फोटोग्राफरला जास्तीचे पैसे मागता येणार नाहीत. उलट, कॉपीराइट फोटोग्राफरचा राहील आणि फोटो फक्त हँडबिलासाठी एक वर्ष वापरायचे, असे आधी लिहून ठरले असेल, तर खोक्यासाठी बेकरीवाल्याला नवा सौदा करावा लागेल. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हा प्रश्नच नाही. सौदा काय झाला, एवढाच प्रश्न आहे. हक्क विकत देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि जे इंटरनेटवरून दुसऱ्याचा फोटो उचलून आपल्या पाकिटावर छापतात, त्यांच्याकडे तर यातला कोणताच कागद नसतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. त्यामुळे जुना फोटो आहे, कोण विचारतो, असे समजण्यातही अर्थ नाही.

देणेघेणे लिहून ठेवावे, ही शिकवण आमच्या वाचकांना नवी नाही. तरी ओळखीच्या माणसाकडून कागद मागताना जीभ अडखळते. मोठा करारनामा नको. काय काढायचे, किती फोटो द्यायचे, कोठे आणि किती काळ वापरायचे, किती पैसे, किती आगाऊ, बाकी कधी, फोटोखाली नाव येणार की नाही, एवढे एका पानात बसते. नावाची बाब हलकी समजू नये. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, ते स्वतःच्या नावावर.

थकलेले पैसे

काम झाले, बिल दिले आणि मग फोन सुरू होतात. ‘साहेब बाहेरगावी आहेत’, ‘अकाउंटला पाठवले आहे’, ‘पुढच्या महिन्यात बघू’. या धंद्यातील अनेक जण काम न मिळाल्याने नव्हे, तर केलेल्या कामाचे पैसे वेळेवर न आल्याने नोकरीकडे परततात. यावर एक उपाय आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. फोटोग्राफी हा सेवा-उद्योग असल्याने फोटोग्राफर ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. ती ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. अशा सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. व्याज ज्यांना नको, त्यांनाही मूळ रक्कम वसूल करण्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करावी, वाद झाल्यावर नव्हे.

आता व्यापाऱ्यांनी ऐकावे. २०२३ च्या वित्त कायद्याने असे झाले आहे की, सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे बिल या मुदतीत चुकते केले नाही, तर वह्या ठेवून कर भरणाऱ्या धंद्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. म्हणजे फोटोग्राफरचे वीस हजार मार्चअखेर अडवून ठेवले, तर त्या वर्षी त्या वीस हजारांवर कर आपल्याच खिशातून जाईल. आपल्या दुकानाची उद्यम नोंदणी झाली आहे, म्हणून आपल्यालाही हे संरक्षण मिळेल असे मात्र किरकोळ आणि घाऊक विक्रेत्यांनी समजू नये. त्यांना त्या नोंदणीचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे.

कराबाबत आणखी दोन शब्द. कंपनी बिलातून जी टीडीएस कापते, ती गेली असे समजून बरेच जण सोडून देतात. विवरणपत्र भरले, तर ती करात वळती होते किंवा परत मिळते. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर सक्तीची होते.

मोबाइलने हा धंदा मारला, असे सर्रास बोलले जाते. घरगुती फोटोंचे काम त्याने नेले, हे खरे. आता तर संगणकच न काढलेले फोटो तयार करून देतो. पण चादरीचा खरा पोत, कारखान्यात चालू असलेले खरे यंत्र, गुढीपाडव्याला १९९९ पासून डोंबिवलीत निघणारी स्वागतयात्रा, हे सारे तेथे जाऊनच टिपावे लागते. आणि टिपल्यानंतर जपावे लागते. जुने फोटो दोन हार्डडिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवावेत आणि प्रत्येक फोल्डरला गिऱ्हाइकाचे नाव व तारीख घालावी. तीन वर्षांनी एखाद्या कारखान्याचा फोन येतो की, तेव्हाचे फोटो आमच्याकडून हरवले, तुमच्याकडे आहेत का? ते शोधून देण्याचे पैसे घ्यायचे की नाही, हेही त्या पहिल्या कागदावरच लिहिलेले बरे.