लिलीची केळ

एडिंबरोजवळच्या आमच्या घरामागे ओकची गार सावली आहे. गुलाब तिथे रुसले, म्हणून मी महाकाय लिली आणली. ही मूळची हिमालयातली. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांनी १८२४ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जुलै १८५२मध्ये ती एडिंबरोत फुलली.

पहिला कंद मी बटाट्यासारखा खोल पुरला, तो कुजला. दुसऱ्याचं टोक जमिनीलगत ठेवलं आणि खाली भरपूर पालापाचोळ्याचं खत घातलं. तिला ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. पिंपळपानासारखी कोवळी पानं गोगलगायी रातोरात चाळणी करतात, त्यामुळे वसंतात मी रोज रात्री टॉर्च घेऊन बागेत!

चौथ्या उन्हाळ्यात मनगटाएवढा दांडा माझ्या डोक्यावरून गेला. पांढरे लांब कर्णे, आत जांभळट-लाल रेघा, आणि संध्याकाळी घरभर सुगंध.

फुलून झालं की कंद मरतो. शेजारीण हळहळली. मला मात्र आजोळची केळ आठवली : घड देऊन ती जाते, बुंध्याशी पिल्लं ठेवून. इथेही तसंच. पिल्लं तीन-चार वर्षांत फुलतात. बी पेरलं तर सातेक वर्षं थांबायचं. मी दोन्ही लावलंय.