४८ मतं आणि न्यू जर्सीतली रात्र

आज मतमोजणीबद्दल बोलू, पण परदेशात बसून ती बघणाऱ्यांच्या बाजूने.

आपल्याकडे मतमोजणी दिवसा होते. रात्रभर जागून निकाल बघणं हा बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांचा प्रकार. ४ जून २०२४ ला मुंबईत सकाळचे ८ वाजले, तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन आणि माझ्याकडे न्यू जर्सीत ३ तारखेच्या रात्रीचे साडेदहा. सिडनीवाले मजेत, त्यांची दुपार!

मी जोगेश्वरी पूर्वेचा. आमचा लोकसभा मतदारसंघ मुंबई उत्तर पश्चिम. त्यात गोरेगाव, दिंडोशी, वर्सोवा आणि अख्खी अंधेरीही येते. लढत दोन शिवसेनांची: शिंदेंकडून रवींद्र वायकर, ठाकरेंकडून अमोल कीर्तिकर. माझ्या लॅपटॉपवर मराठी चॅनल, मोबाइलवर आयोगाची साइट आणि व्हॉट्सॲपवर बाबा. तिघांचे आकडे वेगवेगळे! चॅनलला घाई असते, साइटवर आकडा सावकाश चढतो, आणि बाबांचा आकडा थेट नाक्यावरून येतो. अशा रात्री मी साइटच धरतो.

मुंबईत संध्याकाळ झाली, माझं ऑफिस सुरू झालं, तरी आमच्याकडचा निकाल लागेना. शेवटी आला तो असा: वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८.

आता हे ४८ कुठून आले बघा. नुसत्या ईव्हीएमची मतं मोजली तर कीर्तिकर एका मताने पुढे होते. हो, एका! टपाली मतांत मात्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. तिथे ४९ चा फरक पडला, त्यातून ते एक गेलं, राहिले ४८. बाद ठरलेली टपाली मतं १११ होती, म्हणजे फरकापेक्षा जास्त. अशा वेळी बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, तशी ती तपासली गेली. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली.

म्हणजे निकाल फिरला टपालावर. आणि मी बाहेर, तर माझं मत टपालाने का नाही? सैनिकांना टपाली मत आहे, निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना आहे, ८५ च्या पुढच्या ज्येष्ठांना घरून देता येतं. परदेशात भारतीय दूतावासात नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यालाही आहे. त्याच शहरात नोकरी करणाऱ्या भारतीय इंजिनिअरला नाही. दोघांचा पासपोर्ट एकाच देशाचा, हे मला अजून पटत नाही.

अनिवासी भारतीयांना हक्क मिळाला तो २०१० च्या कायदादुरुस्तीने. तोही अर्धाच: नाव नोंदवा, पण मतदानाला स्वतः बूथवर या, मूळ पासपोर्ट घेऊन. २०२४ ला असे सुमारे १ लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते. मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे! मुंबईचं मतदान २० मे ला होतं, ऐन सुट्टीचा सीझन. त्या दिवसांतलं विमानाचं तिकीट काढून बघा, मग कळेल बाकीचे का नाही आले. आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यावं, असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं होतं. पण राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला बारगळलं.

तुमच्यापैकी कुणी बाहेर असाल आणि पासपोर्ट भारतीयच असेल, तर नोंदणीचा फॉर्म आहे ६ए. तो ऑनलाइन भरता येतो. ओसीआय कार्डवाल्यांना मात्र मत नाही. वेगळं मतदार ओळखपत्र मिळत नाही, पासपोर्टच चालतो. आणि त्यावर जो भारतातला पत्ता असेल तिथल्याच यादीत नाव लागतं. जोगेश्वरीचा असेल तर जोगेश्वरीतच, मग न्यू जर्सीत दहा वर्षं का काढलेली असेनात.