वरोऱ्याला रेल्वे आधी का आली?

बल्लारपूरची खाण पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्येच एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो मनातून जाईना. नामिबियाच्या वाळवंटातल्या कोलमान्स्कोपची छायाचित्रं त्यांनी पाहिली. १९०८ साली तिथे हिरे सापडले, गाव उभं राहिलं आणि १९५६ पर्यंत ओसही पडलं. आता घराघरांत वाळू साचली आहे. ‘आपल्याकडे असं सोडून दिलेलं खाणीचं गाव कुठे पाहायला मिळेल?’

मी वरोऱ्याला जा म्हणेन. १८७० च्या दशकापासून १९०६ पर्यंत तिथे सरकारी कोळसा खाण चालली. मात्र कोलमान्स्कोपसारखं काही तिथे शोधू नका. वाळवंटात पाऊस नाही, त्यामुळे दारं-खिडक्याही टिकतात. आपल्याकडे चार महिने झड लागते, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाया हलवते. धड राहिलेली वीट कुणाच्या तरी भिंतीत जाते. शिवाय वरोरा ही कापसाची पेठ. खाण मिटली तरी गाव उठलं नाही.

तेव्हा तिथे पाहायचा तो रेल्वेमार्ग. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे १८७७ मध्ये रूळ आले ते वरोऱ्यापर्यंत आणि तिथेच थांबले. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, हे जिल्ह्याचं ठाणं, गोंड राजांचं परकोटाचं शहर. पण त्याला गाडी नाही! कारण रूळ माणसांसाठी टाकलेच नव्हते. या मार्गाचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होतं. वरोऱ्याची खाण संपत आली, बल्लारपूरची सुरू झाली, तेव्हा रूळ पुढे सरकले. पुढे ते काझीपेठला जोडले गेले आणि कोळशासाठी काढलेला हा फाटा दिल्ली-मद्रास हमरस्त्याचा भाग झाला. आज चेन्नईची गाडी वरोऱ्यावरून जाते, ती या खाणीमुळे.

आणि आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या हाती श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि कोळसा जवळच वरोऱ्याला, असा त्याचा रोख होता. जमशेटजींची नागपूरची एम्प्रेस मिल तेव्हा पाच वर्षांची झाली होती, म्हणजे त्यांना हा मुलूख परका नव्हता. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीला नेला. उत्तर आलं : नाही चालणार.

का नाही? हवा न लागू देता तापवला की चांगला कोकचा कोळसा आधी मऊ पडतो, फुगतो आणि मग कडक, सच्छिद्र कोक होऊन बसतो. झोतभट्टीत खनिजाचा सगळा भार या कोकला पेलावा लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा मऊ पडून एकजीव होतच नाही, त्याचा भुगा होतो. इंजिनाच्या बॉयलरला तो चालतो, भट्टीला निरुपयोगी. त्यात खाणपट्ट्यांचे सरकारी नियम इतके जाचक होते की जमशेटजींनी पोलादाच्या कारखान्याचा बेत बाजूला ठेवला.

१८९९ नंतर नियम सैल झाले आणि टाटांची माणसं पुन्हा चांद्याची रानं धुंडाळू लागली. त्याच खटपटीत जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी यांना नागपूरच्या संग्रहालयात एक भूशास्त्रीय नकाशा दिसला आणि शोध दुर्गकडे, डल्ली-राजहराकडे वळला. तिथून तो मयूरभंजला गेला. कारखाना साकचीला उभा राहिला, आजच्या जमशेदपूरला; १९१२ साली तिथे पहिलं पोलाद निघालं. माझ्या मते वरोऱ्याचा कोळसा भट्टीत टिकला असता, तर ते शहर वर्धा नदीकाठी वसलं असतं. वरोऱ्याला उतराल तेव्हा पडकी भिंत शोधण्याऐवजी एवढं डोक्यात ठेवा आणि चंद्रपूरकडे जाणाऱ्या रुळांकडे पाहा.

त्या वाचकाच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे बंद खाणीत आग का लागते, तो बल्लारपूरच्या हप्त्यात घेतो. तिथे त्याला जास्त जागा मिळेल.