वारली चित्रांची भिंत ते कॅनव्हास

मूळ जागा : कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली भिंत, त्यावर गेरू.
रंग : एकच, पांढरा. तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक.
कुंचला : टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी.

लग्नघरी ‘चौक’ लिहिण्याचा मान परंपरेने सवाष्णींचा. चौकाच्या मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. माणूस दोन त्रिकोणांत उभा राहतो, पण झाडाची पानं मात्र एकेक करून काढली जातात. प्रदर्शनात चित्राच्या अगदी जवळ जाऊन ही पानं जरूर पाहा. चित्रकाराचा खरा हात तिथेच कळतो. तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच सर्वांच्या ओळखीचा. मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारुळं, भाताची लावणी तितक्याच निगुतीने पाहावी अशी.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातल्या चित्रकारांना कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला रोजची साधना केली. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात ते होते; २००३मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश निसर्गकलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रं लागली. २०११ साली पद्मश्री. २०१८मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार आहेत.